लायन फिशचे शेजारी

दुकानात आलेलं गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवून हमखास एकच प्रश्न विचारायचं, "ह्यो मासा दुसऱ्याला खातो काय ओ?"

मी म्हणायचो, "तोंडात मावंल त्याला खातो. न मावला तर शेजारी म्हणून ऱ्हातो."

लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा. मी मात्र वीसेक वर्षं याच वाक्यावर धंदा केला.

मूळचा मी काचवाला. कागलहून कोल्हापुरात आलो, खिडक्यांच्या काचा कापायला शिकलो आणि त्यातूनच मासे ठेवायच्या टाक्या बांधायला लागलो. टाकी पोचवली की लोक विचारायचे, "आता ह्यात मासं कंचं सोडायचं?" इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी मासेच विकायला लागलो. गोल्डफिश, एंजल, गप्पी, सगळे गोड्या पाण्यातले. मग नव्वदच्या दशकात एकदा माल आणायला मुंबईला गेलो असताना एका व्यापाऱ्याच्या खोलीत समुद्रातले जिवंत मासे पाहिले. जेवणवेळ टळून गेली तरी मी तिथंच उभा. त्या दिवसापासून मला गोड्या पाण्यातलं काही गोड लागेना.

आता कोल्हापूरला समुद्र नाही. रत्नागिरीहून मासळी घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्याशी मी जमवून घेतलं. तो बाजाराची मासळी आणायचा आणि तिच्यासोबत माझ्यासाठी कॅन भरून समुद्राचं पाणी. बाजारातले लोक म्हणायचे, "कांबळे, येडा का खुळा तू? मासं सोडून पानी कोन आनतंय?"

पण ते पाणी नुसतं टाकीत ओतून भागत नाही. ते पिकावं लागतं. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच घाण करतो आणि ती घाण विषारी असते. ती पचवणारे सूक्ष्म जीव दगडांवर, वाळूत तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढी कळ न काढता मासे सोडले तर ते स्वतःच्याच मुताने मरतात. हे मी असंच, याच शब्दांत सांगायचो. मोठमोठ्या बंगल्यांतली माणसं तोंड वाकडं करायची, पण विसरायची नाहीत.

माझ्या आजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती. आणि मी खांद्याला पिशवी अडकवून पाटला-देसायांच्या दिवाणखान्यात शिरायचो, बाही वर करून त्यांच्या पाण्यात हात घालायचो आणि म्हणायचो, "पाणी बिघडलंय तुमचं." कुणी हूं की चूं करायचं नाही. या गोष्टीचा अभिमान मी कधी बोलून दाखवला नाही. आता दाखवतो.

माझा पहिला लायन फिश मी दुकानासाठीच आणला होता. पांढऱ्यावर तांबडे पट्टे, पंखांसारखे पसरलेले पर, आणि पाठीवर विषारी काट्यांची रांग. टाकीत एकटा बरा दिसत नाही म्हणून मी सोबत सहा छोटे निळे मासे सोडले. दुसऱ्या दिवशी पाच दिसले. मग चार. मी शेजारच्या मांजरावर संशय घेतला आणि टाकीवर जाळी ठोकली. तीन राहिले. मग एका दुपारी स्टूल घेऊन टाकीसमोर बसलोच. लायन फिशनं सावकाश, अगदी पाहुण्याला या-बसा म्हणावं तसे पर पसरले आणि एका निळ्याला कोपऱ्यात घेतलं. पुढं काय झालं ते मला दिसलंच नाही. निळा होता, आणि मग नव्हता. तोंड उघडलेलंसुद्धा डोळ्याला सापडलं नाही. मांजराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

त्यानंतर मी शिकत गेलो. शिकारी माशाला सोबती निवडताना पहिलं माप तोंडाचं. सोबती त्याच्या तोंडात जाणार नाही एवढा थोराड हवा, आणि उद्या तो शिकारी दुप्पट होणार हेही आजच धरायचं. पण गंमत अशी की लायन फिशला खरा धोका त्याच्याहून लहान माशाकडूनही असतो. तो गिळतो, पण चावत नाही. भांडण त्याला येत नाही. कुणी त्याच्या लांब परांचे लचके तोडायला लागलं तर तो नुसता काटे उभारून कोपऱ्यात बसून राहतो आणि उपाशी मरतो. म्हणून सोबती चावरा नको, खाण्यावर तुटून पडणारा नको, आणि प्रत्येकाला दडायला आपापली कपार हवी. एवढं सांभाळलं की दोन वाघसुद्धा एका टाकीत गुण्यागोविंदानं राहतात.

हे सगळं मला येतं अशी माझी खात्री होती, आणि ती खरीही होती. तरीही जी चूक झाली, ती सांगायला हा लेख लिहितोय.

शिरोली एमआयडीसीत सर्जेराव नावाच्या गृहस्थांची फौंड्री होती. भट्टीतलं लोखंड ओतता ओतता वर आलेला माणूस. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग, आवाज असा की फौंड्रीतल्या आवाजातही पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. नवा बंगला बांधला तेव्हा ते माझ्या दुकानात आले.

"मुंबईत एका हाटेलात बघिटलंय. खाऱ्या पान्याची टाकी. तसली पायजे. पन त्यात रंगीबेरंगी चिमण्या नकोत. एकाला झाकावा न् दुसऱ्याला काढावा असं डेंजर मासं पायजेत."

मी माशांच्या चित्रांचं पुस्तक पुढं ठेवलं. लायन फिशवर त्यांचं बोट पडलं. मग पान उलटलं आणि ते थांबले. काळाभोर मासा, पोटावर पांढरे मोठे ठिपके, तोंडाला लिपस्टिक लावावी तसा पिवळा पट्टा.

"ह्यो! ह्यो कोन?"

"ट्रिगर. त्यो न्हाई जमायचा, दादा. त्याच्या दातांनी शिंपला फुटतो. लायन फिशचं पर सोलून काढंल."

"आवो, माझ्या फौंड्रीत काय कमी भांडखोर हायेत? सगळी एका छपराखाली कामं करत्यात की."

"माणसाला पगार देऊन गप बसवता येतं. ट्रिगरला काय देणार?"

ते मोठ्यानं हसले आणि मान्य झाले. दिवाणखान्यात सहा फुटी टाकी बसली. महिनाभर पाणी पिकवलं, मग तीन मासे सोडले. सगळ्यात आधी एक थोराड रॅबिट फिश, कारण तो गरीब. पण त्याच्याही पाठीला विषारी काटे असतात, त्यामुळं त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. मग एक ईल. सापासारखा लांब, पांढरा-काळा, खेकडे-कोळंबी खाणारा, दिवसभर कपारीतून फक्त तोंड बाहेर काढून बसणारा. आणि शेवटी लायन फिश.

ज्या दिवशी तो सोडला त्या दिवशी मी सर्जेरावांच्या पत्नीला, सुमनवैनींना, समोर उभं करून सांगितलं, "टाकीत हात घालायचा न्हाई. ह्याचा काटा लागला तर सोसंल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा, आन् लगेच डॉक्टर." वैनींनी ते कॅलेंडरमागं लिहून ठेवलं. सर्जेराव तेव्हा फोनवर बोलत होते.

टाकी सर्जेरावांनी घेतली, पण ती सांभाळली वैनींनी. लायन फिश आधी फक्त जिवंत मासेच खायचा. त्याला मेलेल्या कोळंबीची सवय लावायची असते, नाहीतर रोज त्याच्यासाठी जिवंत खाऊ आणायचा कुठून? त्यासाठी काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून तो जिवंत वाटेल असा हलवायचा. वैनी रोज अर्धा-अर्धा तास स्टुलावर उभ्या राहून काडी हलवायच्या. सातव्या दिवशी त्यानं घास घेतला. तेव्हा त्यांनी मला दुकानात फोन केला आणि नुसतं म्हणाल्या, "घेतला."

एकदा मी गेलो तर सोमवार. वैनींचा कडक उपास. आणि त्या कोळंबी सोलत बसलेल्या. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "उपास मला हाय, कांबळेभाऊ. त्याला न्हाई."

चांगले सहा-सात महिने असं चाललं. मग एका दिवशी सर्जेरावांचा फोन आला, "कांबळे, या जरा. गंमत दावतो."

गेलो. टाकीत ट्रिगर. तोच, ठिपक्यांचा. कामासाठी मुंबईला गेले असताना त्यांनी तो आणला होता आणि पंधरा दिवस मला पत्ता लागू दिला नव्हता. वैनी दाराशी उभ्या होत्या.

"बघा," सर्जेराव म्हणाले, "नांदतंय की सगळं. तुमी उगंच भ्या घातलं मला."

मी काचेला नाक लावून बघत राहिलो. ट्रिगर लहान होता, पण लायनच्या तोंडात मावणार नाही एवढा. बुजलेला. बाकीचे तिघं आपापल्या जागी शांत. मला माहीत होतं की नवा ट्रिगर आधी असाच असतो. घर ओळखीचं होईपर्यंत गरीब, मग मालक. तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं की आत्ताच्या आत्ता काढतो. पण सर्जेराव इतके खुशीत होते! घरात दोन पाहुणे बसलेले, त्यांना ते माझी ओळख करून देत होते, "हे कांबळे, समुद्र आणत्यात कोल्हापुरात." मलाही ते बरं वाटलं. मी म्हणालो, "बघू. ऱ्हातोय का बघू."

सगळ्या कामाच्या आयुष्यातला तो एक शब्द मला परत घ्यावासा वाटतो. बघू.

दोनेक महिन्यांनी वैनींचा फोन आला. मी तेव्हा कागलला, बहिणीच्या घरी लग्नाला गेलो होतो. दुकानातून नंबर मिळवून त्यांनी तिथं फोन केला होता.

"भाऊ, चार दिस झालं, त्यो खाईना. काडी न्हेली की ट्रिगर आधी येतो न् हिसकून न्हेतो. ह्याचं पर बघा, जुन्या लुगड्यागत फाटल्यात. कोपऱ्यातनं हलंना झालाय. इलच्या पाठीवरबी चावल्याची खूण हाय."

"मी उद्या सकाळी येतो. तोवर कुणी आत हात घालायचा न्हाई."

"ड्रायव्हरकडनं ह्यास्नी सांगते," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं बंद हाय दोन दिस झालं. ट्रिगरवरनं."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून मी बंगल्यावर पोचलो. आत शिरलो तर सर्जेराव स्टुलावर, एका हातात जाळी, दुसऱ्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर. बायकोचं मौन त्यांना सोसवत नव्हतं. मी यायच्या आत स्वतःच ट्रिगर काढून तिच्यापुढं धरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. जाळीला ट्रिगर सापडत नव्हता. तो दगडांच्या मागं गेला होता.

"दादा, हात काढा!" मी दारातूनच ओरडलो.

"झालं, झालं, ह्यो एक दगुड उचलला की..."

त्या दगडाच्या मागं लायन फिश बसला होता. त्यानं काही केलं नाही. काटे उभारून होता तिथंच राहिला. हात त्याच्यावर गेला.

ज्या माणसाच्या मनगटावर एकदा वितळलेलं लोखंड उडालं होतं आणि ज्यानं तेव्हा पाळी संपेपर्यंत काम केलं होतं असं लोक सांगायचे, तो माणूस किंचाळत स्टुलावरून खाली बसला. बघता बघता हात मनगटापर्यंत फुगला. चेहरा घामानं डबडबला. मी धावत स्वयंपाकघराकडं निघालो, तर वैनी समोरून पातेलं घेऊनच येत होत्या. अंघोळीचं पाणी चुलीवर होतं. त्यांनी आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं, गार पाणी मिसळलं, आणि नवऱ्याचा हात धरून आत घातला. तीन दिवसांतला त्यांचा नवऱ्याशी पहिला शब्द होता, "धरा. काढू नका."

"सुमे, मरतोय गं मी!"

"न्हाई मरत. धरा म्हटलं न्हवं?"

ड्रायव्हरनं गाडी काढली. पातेलं तसंच मांडीवर घेऊन आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काय चावलं?"

"मासा," मी म्हणालो. "चावला न्हाई, काटा लागला. खाऱ्या पाण्यातला लायन फिश."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बहुतेक मलाच तपासायला घेतील. पण मग नीट ऐकून घेतलं, कुणाला तरी फोन करून विचारलं आणि उपचार केले. गरम पाण्याचं चांगलं केलंत म्हणाले. त्यांनी सर्जेरावांना देखरेखीसाठी ठेवून घेतलं. वैनी माझ्याकडं वळल्या, "भाऊ, तुमी घरी जावा. त्यो ट्रिगर काढा आधी. मी ह्यांच्याजवळ हाय."

ट्रिगरला जाळीनं धरता येत नाही. पण त्याची एक खोड आहे. घाबरला की तो कपारीत शिरतो आणि पाठीवरचा काटा उभा करून स्वतःला असा अडकवून घेतो की ओढून निघत नाही. म्हणून त्याला ओढायचंच नाही. मी टाकीतलं निम्मं पाणी कॅनमध्ये काढलं, लायन फिशला मधे काच उभी करून पलीकडं ठेवलं, ट्रिगर कोणत्या दगडात शिरतो ते बघितलं, आणि हातमोजे घालून तो दगडच माशासकट उचलून बादलीत ठेवला. पाच मिनिटांचं काम. ज्या दिवशी "बघू" म्हणालो, त्या दिवशीही ते पाचच मिनिटांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव घरी आले. हात कोपरापर्यंत सुजलेला, बँडेजमध्ये. मी टाकीपाशीच होतो. त्यांनी आल्या आल्या टाकीकडं बोट केलं.

"त्या लायनला बाहीर काढा. घरात नको मला."

वैनी म्हणाल्या, "त्यानं काय केलं? त्याच्या घरात हात कुनी घातला?"

ते कोचावर बसले. फाटक्या परांचा तो मासा आता जरा मोकळ्यावर आला होता. मग त्यांनी आवाज न चढवता मला विचारलं, आणि त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कांबळे, एक सांगा. तुमाला ठावं हुतं न्हवं, असं हुनार म्हणून?"

"व्हय."

"मग 'बघू' का म्हणालासा?"

मी फडक्यानं टाकीची काच पुसायला लागलो.

"माझा भट्टीवाला मला म्हणाला, मालक, आज वतू नका, लोखंड तयार न्हाई, तर मी वतत न्हाई. मालक मी असलो तरी. कारण त्या कामात त्यो जाणता. तुमी त्या दिवशी 'काढा' म्हणाला असता तर मी चार शिव्या घातल्या असत्या, पन काढला असता."

त्यांनी मला दोष दिला असता, ओरडले असते, तर मी परत ओरडू शकलो असतो. हे सोसणं अवघड होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं, दादा."

"माझंबी चुकलंच की," ते म्हणाले. "पन माझं चुकलं ते येडेपणानं. तुमचं कळून-सवरून."

त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत मी कुठल्याही गिऱ्हाइकाला बघू म्हणालो नाही. जमतं किंवा जमत नाही. काही गिऱ्हाइकं तोडली त्यापायी. एकानं मला माजोरडा म्हटलं. त्याच्या टाकीतला हेकरू, म्हणजे मोठ्या तोंडाचा ग्रूपर मासा, चार महिन्यांत बाकी सगळ्यांना गिळून एकटा उरला, तेव्हा तोच परत आला.

सगळंच माझ्या हातात होतं असं नाही. मुंबईहून येताना पिशवीतच किती मासे मेले! वीज जायची, हवेचा पंप बंद पडायचा आणि आदल्या दिवशी नाचणारी टाकी दुसऱ्या दिवशी उलट्या तरंगणाऱ्या माशांनी पांढरी पडलेली असायची. समुद्रातला जीव शोभेसाठी काचेत कोंडायचा मला अधिकार काय, हा प्रश्न मला उतारवयात पडतो. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण कोंडलाच तर त्याच्यासोबत कोण कोंडायचं, हे नीट पाहिलं एवढं म्हणू शकतो.

लायन फिश वाचला. वैनींनी पुन्हा काडी हातात घेतली. पाचव्या दिवशी त्यानं कोळंबी घेतली आणि हळूहळू त्याचे पर मुळापासून नवे फुटले. पाहणाऱ्याला ओळखू येऊ नये इतके.

ट्रिगर मी दुकानात एका टाकीत एकटा ठेवला. त्याला बरीच गिऱ्हाइकं आली. मी विचारायचो, सोबत कोण आहे? कुणी ना कुणी असायचंच. मी नाही म्हणायचो. असं वर्ष गेलं. मग एका दुपारी सर्जेराव आणि वैनी दोघं दुकानात आले. सर्जेराव सरळ ट्रिगरपुढं जाऊन उभे राहिले. त्यानं पाण्याबाहेर तोंड काढून त्यांच्या शर्टावर पिचकारी मारली.

"वळीकलं बघ मला," ते म्हणाले.

वैनी मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यास्नी फौंड्रीच्या हापिसात एक टाकी बांधून द्या. ह्यो एकटाच ऱ्हाईल तिथं. दुसरं कुनी न्हाई. जमतंय?"

"जमतंय," मी म्हणालो.

शिरोलीला त्यांच्या ऑफिसात टाकी बसवली, महिनाभर पाणी पिकू दिलं आणि मग ट्रिगर नेला. सर्जेरावांनी पिशवी स्वतः धरली होती. सोडल्यावर तो अर्धा तास दडून राहिला. मग बाहेर आला, सगळे दगड एकेक करून तपासले, एक बारका दगड दातांत धरून उचलला आणि दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकला. परत आला. दुसरा उचलला. मी फार मन लावून केलेली मांडणी त्यानं माझ्यादेखत मोडायला घेतली. सर्जेराव खुर्ची ओढून काचेला लागून बसले.

दारातून क्लार्क म्हणाला, "मालक, पुन्याची पार्टी आलीया. मिटिंगला."

सर्जेरावांनी मान वळवली नाही.

"चा दे त्यास्नी. म्हणावं, हितं अजून दगुड लावायचं चाललंय."